सामायिक मुद्रकाचे व्यवस्थापन

सामायिक मुद्रक म्हणजे संगणक जाळ्याला जोडलेला आणि कार्यालयातील अनेक संगणकांवरून वापरला जाणारा प्रिंटर होय. एकट्याच्या टेबलावरील प्रिंटरची देखभाल त्याचा वापरकर्ताच करतो. सामायिक प्रिंटरच्या बाबतीत कागदपत्र पाठवणारा, छपाईची रांग सांभाळणारा आणि यंत्रात कागद भरणारा हे बहुधा वेगवेगळे असतात. त्यामुळे कोणाला काय करता यावे आणि कोणी काय करायलाच हवे, असे दोन प्रश्न उभे राहतात. पहिल्याचे उत्तर संगणक प्रणालीत नोंदवता येते. दुसऱ्याचे उत्तर कार्यालयालाच ठरवावे लागते.

रांग आणि अधिकार

पाठवलेली कागदपत्रे स्पूलर या सॉफ्टवेअरकडे जमा होतात व क्रमाने यंत्राकडे जातात. मध्यवर्ती प्रिंट सर्व्हरवरील रांगेत एक कागदपत्र अडकले, तर मागील सर्वांची छपाई खोळंबू शकते. म्हणून दुसऱ्याचे कागदपत्र रद्द करण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा कळीचा मुद्दा ठरतो.

विंडोज प्रणालीत छापणे, कागदपत्रांचे व्यवस्थापन आणि प्रिंटरचे व्यवस्थापन अशा तीन मूलभूत परवानग्या आहेत. सामान्य वापरकर्त्यास केवळ स्वतःचे कागदपत्र थांबवता किंवा रद्द करता येते. दुसरी परवानगी इतरांच्या कागदपत्रांनाही लागू होते, तर तिसरीमुळे प्रिंटरची मांडणी आणि खुद्द परवानग्याही बदलता येतात. लिनक्स व मॅकओएसवर वापरल्या जाणाऱ्या कप्स या प्रणालीतही मूळ धोरणानुसार कागदपत्र रद्द करण्याचा अधिकार पाठवणाऱ्यास व व्यवस्थापक गटास असतो. लहान कार्यालयात दुसरी परवानगी प्रिंटरजवळ बसणाऱ्या एक-दोन कर्मचाऱ्यांना देणे सोयीचे ठरते. अन्यथा अडकलेल्या एका पानासाठी तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते.

तिसरी परवानगी व ड्रायव्हर बसवण्याचा अधिकार मात्र जपून द्यावा लागतो. विंडोजचा स्पूलर उच्च अधिकारांसह चालतो. २०२१ साली उघडकीस आलेल्या ‘प्रिंटनाइटमेअर’ या त्रुटीमुळे सामान्य खात्यावरूनही संपूर्ण संगणकाचा ताबा मिळवणे शक्य होते. त्यानंतर, ऑगस्ट २०२१ मध्ये, मायक्रोसॉफ्टने सर्व्हरवरून प्रिंटर ड्रायव्हर बसवण्यासाठी प्रशासकाचे अधिकार मूलतः आवश्यक केले.

यंत्राजवळची कामे

कागद भरणे, टोनर बदलणे, अडकलेला कागद काढणे ही कामे कोणत्याही परवानगीच्या यादीत येत नाहीत, आणि नेमकी तीच दुर्लक्षित राहतात. जाळ्यावरील प्रिंटर कागद संपल्याची वा झाकण उघडे असल्याची सूचना एसएनएमपी या नियमावलीनुसार देऊ शकतो. परंतु ती सूचना दुसऱ्या इमारतीतील प्रशासकाकडे गेली, तर तिचा फारसा उपयोग होत नाही.

अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत या अडचणीवर वेगळा उपाय योजला गेला होता. तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनी प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून, कागद अडकताच छपाईच्या प्रतीक्षेत असलेल्यांना संदेश जाईल अशी सोय केली. ज्याला गरज, तोच उठून यंत्राकडे जाई. १९८० च्या सुमारास प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर मिळाला. त्याच्या सॉफ्टवेअरचा स्रोत उपलब्ध नसल्याने ही सोय पुन्हा करता आली नाही. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या इतिहासात हा प्रसंग वारंवार सांगितला जातो.

छापलेली पाने ट्रेमध्ये पडून राहणे हा गोपनीयतेचा प्रश्न आहे. वेतनपत्रके किंवा वैद्यकीय अहवाल त्यामुळे कोणाच्याही हाती पडू शकतात. यावर उपाय म्हणून अनेक प्रिंटरांत पाठवणाऱ्याने यंत्रापाशी येऊन सांकेतिक क्रमांक देईपर्यंत किंवा ओळखपत्र दाखवेपर्यंत छपाई रोखून धरण्याची सोय असते. ठरावीक मुदतीत कोणी न आल्यास ते कागदपत्र आपोआप पुसून टाकण्याची व्यवस्थाही करता येते.