हिमघाटातील मोटार

वाशीम जिल्ह्यातील काळ्या रानातून भर पावसाळ्यात ज्याने गाडी हाकली असेल, त्याला चाक रुतणे म्हणजे काय हे सांगावयास नको. तथापि बैलगाडीचे चाक नुसते मागून येते; जमिनीत पाय रोवतो तो बैल. मोटारीत हे कामही चाकानेच करावयाचे असते. साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते, आणि त्यांतील एक चिखलात वा बर्फावर गरगर फिरू लागले की ती सारी त्या फिरण्यातच वाया जाते. चारही चाकांना शक्ती पुरविण्याची युक्ती निघाली ती या अडचणीतून. हिमालयात मोटार पोहोचली ती मात्र केवळ या युक्तीच्या बळावर, असे समजणे बरोबर नाही.

१९३१ साली सित्रोएन या फ्रेंच कंपनीच्या मोहिमेने श्रीनगरहून गिलगिटकडे मोटारी नेल्या. त्यांना मागील बाजूस चाकांऐवजी रबरी पट्टे होते. यंत्र उत्तम होते, वाट मात्र खेचरांची! कडा ढासळला की गाडी खोलावी, तिचे भाग हमालांच्या पाठीवर द्यावेत आणि पलीकडे पुन्हा जुळवावी, असा तो प्रवास झाला. गिलगिटच्या पुढे मोटारी नेण्याचा नाद सोडावा लागला. मोटारीने माणसांना नेले की माणसांनी मोटारीला, हे ठरविणे कठीणच!

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. साठ अश्वशक्तीची, हलकी, चारही चाकांनी ओढणारी ही गाडी पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्र कंपनीकडून जुळविली जाऊ लागली. पण उंचीवर तिचाही दम कमी होतो. साडेअकरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशांच्या आसपास असतो. इंजिनाची शक्तीही जवळजवळ त्याच प्रमाणात घटते.

नेमक्या याच उंचीवर, झोजी खिंडीत, १९४८ साली लडाखचे भवितव्य अडून बसले होते. खिंड शत्रूच्या हाती, लेह तुटलेले, आणि हिवाळा तोंडावर आलेला. सप्टेंबरमधील पायदळाचा हल्ला फसला. मेजर जनरल थिमय्या यांनी तेथे रणगाडे न्यावयाचे ठरविले. सातव्या घोडदळाचे हलके स्टुअर्ट रणगाडे वरचे बुरूज उतरवून गुप्तपणे काश्मीरात आणले गेले. पण बालतालहून वर जाणारी वाट होती जनावरांची. मेजर थंगराजू यांच्या मद्रास सॅपर्सनी खडक फोडून, शत्रूच्या माऱ्याखाली, ती रुंद केली. या पलटणीची नावे फारशी कोणी घेत नाही. कीर्ती जाते ती रणगाड्यांकडे. हिमवर्षावामुळे हल्ला लांबला, आणि १ नोव्हेंबरला रणगाडे खिंडीत शिरले. आघाडीच्या रणगाड्यात थिमय्या स्वतः होते. इतक्या उंचीवर रणगाडे येतील, ही कल्पनाच शत्रूला नव्हती. १५ तारखेस द्रास आणि २४ तारखेस कारगिल हाती आले. लेहची वाट मोकळी झाली.

पुढे १९६० साली सीमा रस्ते संघटना स्थापन झाली. झोजी खिंड आजही हिवाळ्यात बर्फाने बंद पडते. ती उघडावयाची झाली म्हणजे प्रथम बर्फ कापणारी यंत्रे व मजूर वर जातात, आणि जीपा त्यांच्या मागून.