सांधा दाखवायचा की झाकायचा?

शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना हल्ली एक प्रकल्प हमखास मिळतो: कुटुंबाच्या जुन्या फोटोंचं डिजिटल कोलाज. मग भारतातून व्हॉट्सॲपवर फोटो मागवले जातात आणि स्क्रीनवर कापाकापी सुरू होते. या कापाकापीला शंभरावर वर्षांचा इतिहास आहे. आज तो सांगताना मी एकाच जागेवर बोट ठेवणार आहे, ती म्हणजे दोन तुकडे जिथे जुळतात तो सांधा.

कोलाज हा शब्द फ्रेंच. मूळ अर्थ चिकटवणं. १९१२ साली पिकासोने वेताच्या खुर्चीची वीण छापलेलं मेणकापड सरळ आपल्या चित्रावर चिकटवलं आणि चौकटीऐवजी भोवती दोरखंड लावला. त्याच वर्षी ब्राकने लाकडाची नक्कल करणारा वॉलपेपर कापून चित्रात वापरला. हे चिकटवलेलं आहे, हे दोघांनीही लपवलं नाही.

मला मात्र या दोघांपेक्षा हाना ह्योखची गोष्ट जास्त जवळची वाटते. ही बर्लिनमध्ये कला शिकणारी मुलगी. शिकत असतानाच, १९१६ पासून, ती उल्श्टाइन या मोठ्या प्रकाशनसंस्थेत अर्धवेळ नोकरी करू लागली. काम काय, तर बायकांच्या मासिकांसाठी विणकामाचे आणि भरतकामाचे नमुने काढायचे. म्हणजे कात्री हातात आणि छापील फोटोंचा ढीग समोर. १९१८ मध्ये ती आणि तिचा मित्र राऊल हाउसमान बाल्टिक समुद्राकाठी सुट्टीला गेले. तिथल्या घरांमधून सैनिकांची स्मरणचित्रं टांगलेली होती. गणवेशातलं शरीर सगळीकडे छापील, एकसारखं. त्यावर चेहरा तेवढा त्या घरातल्या मुलाचा, फोटोतून कापून लावलेला. फोटोमोंटाजची कल्पना तिथून सुचली, असं दोघांनीही पुढे सांगितलं.

आपल्याकडेही ही रीत होती. राजस्थानात नाथद्वाऱ्याला 'मनोरथ' नावाची चित्रं करून मिळत. श्रीनाथजी आणि बाकीचा देखावा चित्रकाराने रंगवलेला, आणि पुढे हात जोडून उभ्या असलेल्या भक्ताचा चेहरा फोटोतून कापून लावलेला. त्यावर रंगाचा हात असा फिरवायचा, की कागद कुठे संपला आणि रंग कुठे सुरू झाला ते कळू नये. पुढे फोटो स्टुडिओंनीही हेच केलं. नवरा-बायकोचा एकत्र फोटो नसेल, तर दोघांचे वेगवेगळे फोटो घेऊन एक जोडीचा फोटो करून द्यायचे. तुमच्या आजोळच्या भिंतीवरही असा एखादा असू शकेल. दोघांच्या चेहऱ्यांवरचा उजेड एकाच बाजूने येतोय का, ते बघा.

ह्योखने याच्या नेमकं उलट केलं. १९२० च्या बर्लिनच्या डाडा प्रदर्शनात तिचं जे प्रचंड कोलाज लागलं, त्याच्या लांबलचक नावातच स्वयंपाकघरातला सुरा आहे. पुढाऱ्यांची डोकी नर्तिकांच्या धडांवर, मध्ये यंत्रांची चाकं, आणि प्रत्येक कापलेली कड स्पष्ट दिसणारी. खाली उजव्या कोपऱ्यात युरोपचा एक नकाशा आहे. बायकांना मताचा हक्क कुठे मिळालाय ते त्यात दाखवलंय, आणि शेजारी तिने स्वतःचा छोटासा चेहरा लावलाय. तिला या प्रदर्शनात घ्यायलाच तिच्या काही पुरुष सहकाऱ्यांचा विरोध होता. क्रांतिकारकांच्या मीटिंगाही शेवटी मीटिंगाच!

आता आपल्या मिशिगनकडे येऊ. १९८७ साली ॲन आर्बरला थॉमस नोल नावाचा विद्यार्थी पीएच.डी. करत होता. त्याच्या मॅक प्लसच्या पडद्यावर ठिपका एकतर काळा, नाहीतर पांढरा. राखाडी छटा नाहीतच. त्या छटांचा भास करून देणारा एक छोटा प्रोग्राम त्याने लिहिला. वडिलांना फोटोग्राफीचा नाद, घराच्या तळघरात डार्करूम, त्यामुळे निगेटिव्हवरून फोटो कसा घडतो हे त्याने लहानपणीच हाताने केलेलं होतं. भाऊ जॉन सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्समध्ये कामाला. त्याने हा प्रोग्राम वाढवायला लावला. फेब्रुवारी १९९० मध्ये तो फोटोशॉप या नावाने बाजारात आला.

पण पहिल्या फोटोशॉपमध्ये लेअर नव्हते. एक तुकडा दुसऱ्यावर ठेवून निवड सोडली, की तो खालच्या चित्रात कायमचा मिसळला, डिंकासारखंच. लेअर १९९४ मध्ये आले आणि अनेक पायऱ्या मागे जायची सोय १९९८ मध्ये. माझ्या मते खरी उलथापालथ लेअरची. कापलेला तुकडा आता कायम सुटाच राहतो आणि सांध्याचा निर्णय कितीही लांबवता येतो.

माझ्या मुलीने हा प्रकल्प केला तेव्हा पेच नेमका तिथेच आला. तिच्या पणजी-पणजोबांचा एकत्र फोटो नाही. पणजोबांचा कोट-टोपीतला स्टुडिओ फोटो आहे. पणजीचा एकच, कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतला. डोक्यावर पदर, नजर भलतीकडेच. मुलीने दोघांना कापून शेजारी ठेवलं आणि कापल्याची पांढरी कड मुद्दाम तशीच सोडली.

साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर तिच्या आजीने ते पाहिलं. "अगं, एकत्र आणतेच आहेस तर नीट बसव की. चिरलेलं कशाला दिसायला हवं?"

"पण आजी, ते असे कधी बसलेच नव्हते ना!"

"नव्हते. सासूसमोर नवऱ्याशेजारी फोटोला बसायची टाप होती का तेव्हा? म्हणून तर म्हणते, आता तरी बसव."

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने मूळ लेअरची प्रत काढली. पदराची कड मऊ केली, पणजोबांच्या खांद्याची सावली पणजीच्या पदरावर टाकली, दोघांना एकच पिवळट छटा दिली. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. आता दोन्ही चित्रं एकाच फाइलमध्ये आहेत. डोळ्याच्या खुणेवर क्लिक केलं की कड दिसते, पुन्हा केलं की जाते. शाळेत तिने कड दिसणारं दिलं. बिनसांध्याचं साताऱ्याला गेलं आणि आईने ते फ्रेम करून देवघराच्या बाहेर लावलं.

परवा शेजारच्या काकूंनी तिला विचारलं, हा जोडीचा फोटो कुठल्या स्टुडिओतला? आई म्हणाली, इथलाच, साताऱ्यातला.