पदकाखालचे टेकू

रग्बी नावाच्या विलायती खेळात दोन्ही संघांचे गडी खांद्याला खांदा भिडवून रेटा देतात. पुढल्या फळीच्या दोन टोकांस जे धिप्पाड गडी असतात, त्यांस ‘प्रॉप’, म्हणजे टेकू, असे नाव आहे. चेंडू घेऊन पळतो दुसराच. टाळ्याही बहुधा त्यालाच. भार मात्र टेकूने वाहिलेला असतो. कुस्तीत असा टेकू दिसत नाही; मल्ल एकटाच उतरतो. पण हे एकटेपण कितपत खरे, ते खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या चरित्रावरून पाहू.

आम्हां जालनेकरांस खाशाबा परके नाहीत. समर्थ रामदास 1608 साली जन्मले ते आपल्या जिल्ह्यातील जांब गावी. मारुती स्थापिले ते कृष्णाकाठी. त्यांपैकी मसूरचा मारुती कराड तालुक्यात आहे. त्याच तालुक्यातील गोळेश्वर येथे 15 जानेवारी 1926 रोजी खाशाबा जन्मले. वडील स्वतः मल्ल होते. पहिला टेकू घरातलाच.

1948 च्या लंडन ऑलिंपिकला जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तालमीच्या मातीत वाढलेला हा गडी तेथे गादीवर लढला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. त्या दिवसांत आपला मराठवाडा निजामी अमलाखाली होता. मुक्तीचा दिवस उजाडला 17 सप्टेंबरला. लंडनच्या कुस्त्यांची वार्ता पुसण्याची उसंत तेव्हा इथे कोणास असणार?

पुढे 1952 साली हेलसिंकीला जायचे तर पैसा नाही. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही यथाशक्ती भर घातली. खाशाबांनी बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांस हरविले. जपानचा इशी आणि रशियाचा मामेदबेकोव्ह यांच्यापुढे मात्र त्यांना हार पत्करावी लागली. कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यावयास 1996 साल उजाडले. परतल्यावर गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली. मिरवणूक संपताच खाशाबांनी काय केले? कुस्त्यांचे फड लावून पैसा जमविला आणि गुरूचे घर सोडविले, असे सांगतात. ज्याने आपल्याला तोलून धरले, त्याला तोलण्याची वेळ आली तेव्हा हा मल्ल मागे सरला नाही.

1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि साहाय्यक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो सन 2000 चा, मरणोत्तर. पद्म पुरस्कार हयातीत मिळालाच नाही.

आमच्या मते या चरित्राचा बोध असा. टेकू दिले ते बापाने, राजाने, प्राचार्याने आणि गावाने; ज्या देशाच्या नावाने पदक नोंदले गेले, त्याचा खांदा उशिरा लागला. प्रत्येक मल्लाला खर्डेकर भेटतीलच असे नाही. एखाद्या गुरूला घर गहाण टाकावे लागले, ही त्या गुरूची थोरवी खरी; पण ती समाजाची उणीवही आहे. जत्रेच्या फडात आपल्या गावचे पोर जिंकले, तर आपण त्याला खांद्यावर घेऊन नाचतो. तो खांदा त्याला आदल्या वर्षी, खुराकाच्या चिंतेच्या दिवसांत, मिळाला होता काय, एवढेच प्रत्येकाने मनाशी विचारावे.