अकाली म्हातारी होणारी पेशी

माणसाची तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. तिला केंद्रक नसते. त्यामुळे झिजलेल्या प्रथिनाच्या जागी नवे प्रथिन ती तयार करू शकत नाही. ती जुनी होते आणि प्लीहा तिला रक्तातून काढून टाकते. चंद्रपूर-गडचिरोलीतील गोंड, माडिया, परधान आणि विदर्भातील इतरही काही समाजांत मात्र अशी माणसे आढळतात, की ज्यांच्या रक्तपेशी १० ते २० दिवसांतच संपतात. हाच सिकलसेल आजार.

विळ्याच्या आकाराच्या या पेशींचे वर्णन शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली केले. १९४९ मध्ये लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की विद्युतक्षेत्रात या रुग्णांचे हिमोग्लोबिन वेगळ्या गतीने सरकते. म्हणजे दोष रेणूतच होता. पण नेमका कोठे? केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रॅम यांनी ट्रिप्सिन या विकराने हिमोग्लोबिनचे लहान तुकडे, म्हणजे पेप्टाइड, केले आणि ते कागदावर पसरवले. सुमारे तीस ठिपक्यांपैकी एकानेच जागा बदलली होती. १९५७ मध्ये उलगडा झाला : ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आले होते. बीटा साखळीतील १४६ अमिनो आम्लांपैकी फक्त सहावे! ऑक्सिजन सुटला की हे व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या खाचेत अडकते, रेणूंचे दोर वळले जातात आणि पेशी वाकते. वारंवार वाकून तिचे पटल झिजते.

१९६३ मध्ये ब्रूस मेरिफिल्ड यांनी प्लास्टिकच्या बारीक मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत पेप्टाइड बनवण्याची पद्धत दिली. मग हे दोर वळणेच रोखणारे कृत्रिम पेप्टाइड का बनवू नये? १९७७ मध्ये काही लहान पेप्टाइडांनी परीक्षानळीत ते साधलेही. पण एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. त्यांना पुरेल एवढे पेप्टाइड पेशीच्या आत पोचवायचे कसे? तेथे ही वाट अडली.

पाउलिंग यांची युक्ती मात्र आजही निदानाला उपयोगी पडते. २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः सहसा आजारी नसतो; उलट गंभीर मलेरियापासून त्याला काहीसे संरक्षण मिळते. हे वर्गात जरूर सांगावे. आणि हातपाय दुखतात म्हणून वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्यापूर्वी त्याचे रक्त तपासून घ्यावे.