शिल्लक लष्करी रायफली आणि शिकार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

युद्ध संपल्यावर शिल्लक शस्त्रांचे काय करावयाचे, हा प्रश्न शासनापुढे उभा राहतो. विसाव्या शतकात अमेरिकेने तो काही अंशी नागरिकांना रायफली विकून सोडविला. या धोरणाचा शिकारीवरील परिणाम आणि भारतातील भिन्न व्यवस्था यांचा येथे संक्षेपाने विचार केला आहे.

१९०५ च्या कायद्याने अमेरिकेतील रायफल क्लबांना जुन्या लष्करी रायफली विकण्यास मान्यता मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील माउझर, ली-एनफिल्ड व कार्कानो या बोल्ट-ॲक्शन रायफलींची मोठ्या प्रमाणावर आयात झाली. भक्कम यांत्रिक रचना, हरणाच्या शिकारीस पुरेसे काडतूस आणि अल्प किंमत यांमुळे सामान्य उत्पन्नाच्या शिकाऱ्यालाही रायफल परवडू लागली. लाकडी दस्ता कापून हलका करणे, नळी आखूड करणे व दुर्बीण बसविणे हे फेरफार रूढ झाले. काडतूस मात्र बदलावे लागे. १८९९ च्या हेग घोषणेने प्रसरण पावणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरविल्या होत्या. धातूचे पूर्ण आवरण असलेली लष्करी गोळी प्राण्याच्या शरीरातून आरपार जाऊन त्यास केवळ जखमी करण्याचा संभव असे. म्हणून शिकारी उघड्या शिशाच्या टोकाची गोळी वापरीत.

या सुलभतेची दुसरी बाजू १९६३ मध्ये प्रकट झाली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येत वापरलेली कार्कानो रायफल दुर्बिणीसह १९.९५ डॉलरला टपालाने मागविलेली होती. १९६८ च्या कायद्याने टपालविक्रीवर व लष्करी शस्त्रांच्या आयातीवर निर्बंध आले. १९८४ मध्ये संग्राह्य जुन्या शस्त्रांपुरती आयात पुन्हा खुली झाली.

भारतात चित्र निराळे होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्र बाळगणे परवान्याच्या अधीन केले. सैन्याचे .३०३ बोअर खाजगी व्यक्तीस निषिद्ध राहिले, जेणेकरून लष्करी काडतुसे बाहेर उपयोगी पडू नयेत. परिणामी ली-एनफिल्डच्याच रचनेची, परंतु .३१५ बोअरची रायफल प्रचलित झाली; पुढे ती ईशापूरच्या कारखान्यातही तयार होऊ लागली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने छंदाच्या शिकारीस वावच उरला नाही.

तात्पर्य, यंत्र एकच असूनही एका देशात ते स्वस्त शिकारी साधन बनले, तर दुसऱ्यात बोअर बदलल्यावाचून नागरिकाच्या हाती आले नाही. हा भेद तंत्राचा नसून, शासन आपल्या प्रजेवर किती विश्वास टाकते याचा आहे. मात्र १९६३ ची घटना पाहता त्या विश्वासालाही मर्यादा असाव्या लागतात, हे मान्य करावे लागते.