अनुसूचित जमाती आयोग: सरकारला जाब विचारणाऱ्या संस्थेची दोरी कुणाच्या हातात?

कल्याण-कसारा रेल्वेमार्गावरचं आटगाव ज्या शहापूर तालुक्यात येतं, तो अख्खा तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालचं क्षेत्र आहे. शेजारच्या मुरबाडचा काही भागही त्यात येतो. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली समाजाच्या इथल्या माणसाची जमीन गेली किंवा वेठबिगारीची तक्रार असली, की तो आधी तहसीलदार, पोलीस ठाणं किंवा शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचं दार ठोठावतो. तिथे दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. फक्त महाराष्ट्राचं काम पाहणारं विभागीय कार्यालय आहे भोपाळला.

हा आयोग कलम ३३८ (क) नुसार, ८९ व्या घटनादुरुस्तीने, १९ फेब्रुवारी २००४ पासून अस्तित्वात आला. त्याआधी अनुसूचित जाती आणि जमातींसाठी एकच आयोग होता. चौकशी करताना आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. म्हणजे अधिकाऱ्याला समन्स काढता येतं, कागदपत्रं मागवता येतात. पण मनाई हुकूम देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केलंय. आयोग शिफारस करतो, अंमलबजावणी सरकारनेच करायची.

मग आयोगावर लक्ष कोण ठेवतं?

कागदावर संसद. आयोग अहवाल राष्ट्रपतींना देतो. तो दोन्ही सभागृहांत मांडायचा, सोबत कोणत्या शिफारशींवर काय केलं आणि कोणत्या का नाकारल्या, याचं निवेदन जोडायचं. खरी गोम इथेच आहे. हे निवेदन तयार होतं आदिवासी कार्य मंत्रालयात, आणि आयोगाचा पैसाही त्याच मंत्रालयामार्फत येतो. ज्याच्या कामाची झडती घ्यायची, त्याच्याच टेबलावरून अहवाल पुढे सरकणार!

मार्च २०२२ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने यावर नेमकं बोट ठेवलं. चार वर्षांपासून आयोग जवळपास ठप्प असून एकही अहवाल संसदेत आलेला नाही, २०१८ पासूनचे अहवाल मंत्रालयातच प्रक्रियेत आहेत, असं समितीने म्हटलं. मनुष्यबळ आणि निधीची कमतरता ही कारणं पुढे आली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयोगाने आवाज उठवलाही. नव्या वन संवर्धन नियमांमुळे ग्रामसभेच्या संमतीला धक्का बसतो, ते थांबवा, असं पत्र आयोगाने पर्यावरण मंत्रालयाला लिहिलं. मंत्रालयाने हा आक्षेप मान्य केला नाही. अध्यक्ष हर्ष चौहान यांनी मुदत संपण्याआधीच, जून २०२३ मध्ये राजीनामा दिला.

हा प्रश्न फक्त भारताचा नाही. ब्रिटनमध्ये १९७६ च्या कायद्याने वांशिक समानता आयोग स्थापन झाला, त्याचाही पैसा सरकारी तिजोरीतून येई आणि सदस्य सरकारच नेमे. २००७ मध्ये तो मोठ्या समानता आयोगात विलीन झाला.

आटगावच्या दृष्टीने एक तरतूद कामाची आहे, पण तिची चर्चा फारशी होत नाही. अहवालात राज्य सरकारशी संबंधित भाग असेल, तर तो राज्यपालांकडे जातो आणि राज्याच्या विधिमंडळात मांडावा लागतो. म्हणजे दिल्लीतला अहवाल कुठे अडकला, हे इथला आमदारही सभागृहात विचारू शकतो.