‘शुगर कंट्रोलमध्ये ठेवा’ हे सिद्ध व्हायला सत्तर वर्षं का लागली?

बेनेडिक्ट टेस्ट तुम्ही केलीच असेल, बारावीला नाहीतर बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला. निळं द्रावण, त्यात सॅम्पल, परीक्षानळी गरम पाण्यात. साखर असेल तर रंग हिरवा, पिवळा, नारिंगी होत विटेसारखा लाल. निरीक्षण, अनुमान लिहिलं की आपण मोकळे. पण एकेकाळी कित्येक मधुमेही हीच टेस्ट घरी, स्वतःच्या लघवीवर करायचे आणि त्या रंगावरून इन्सुलिन ठरवायचे.

त्या रंगाच्या मर्यादेत वैद्यकातलं एक मोठं भांडण अडकून पडलं होतं. साखर रोज ताब्यात ठेवली तर डोळे, किडनी, पाय खरंच वाचतात का? आज कोणीही पटकन ‘हो’ म्हणेल. १९९३ पर्यंत मात्र उत्तर ‘बहुतेक हो’ एवढंच होतं, आणि काही नामवंत डॉक्टर तर चक्क ‘गरज नाही’ म्हणत होते.

गंमत म्हणजे हा प्रश्न इन्सुलिननेच जन्माला घातला. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी असे रुग्ण गुंतागुंत होण्याइतके जगतच नसत. आता ते जगू लागले, आणि दहा-वीस वर्षांनी त्यांची नजर जाऊ लागली. १९३६ मध्ये किमेलस्टील आणि विल्सन यांनी मधुमेहींच्या किडनीतले ठरावीक बदल नोंदवले.

मग दोन तट पडले. बोस्टनचे एलियट जॉस्लिन म्हणत, जेवण मोजून घ्या, लघवी पुन्हा पुन्हा तपासा, शिस्त सोडू नका. न्यूयॉर्कचे एडवर्ड टॉल्स्टॉय म्हणत, वजन टिकून आहे, कीटोन नाहीत, माणूस नीट कामाला जातोय, मग लघवीत साखर गेली म्हणून त्याला का छळायचं? टॉल्स्टॉयना लगेच खलनायक करू नका. साखर जास्त उतरली तर माणूस बेशुद्ध पडतो, कधी जिवावर बेततं. दुसऱ्याच्या अख्ख्या आयुष्यावर पहारा बसवायचा, तर पुरावा द्या, ही मागणी रास्तच होती.

पुरावा देता का येईना? पहिली अडचण मोजमापाची. रक्तातली साखर साधारण १८० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. म्हणजे ९० असो की १७०, नळी निळीच. आणि धोकादायक ५० असली तरीही निळीच! शिवाय लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठलेली, त्यामुळे बातमी शिळी. लॅबमध्ये रक्त तपासलं तर त्या एका क्षणाचा आकडा मिळे. ज्या ‘चांगल्या कंट्रोल’वर एवढा वाद, त्याला भरवशाचा आकडाच नव्हता. रिसर्च प्रपोजलमध्ये इंडिपेंडंट व्हेरिएबल असं मोघम लिहून बघा, गाइड काय म्हणतात ते!

दुसरी अडचण तुलनेची. बेल्जियमच्या जाँ पिरार यांनी १९४७ ते १९७३ या काळात सुमारे ४,४०० रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. कंट्रोल चांगला त्यांच्यात गुंतागुंत कमी, असं त्यात दिसलं. काम अफाट आहे. पण व्हायव्हाला कोणी हे मांडलं तर तुम्ही काय विचाराल? हेच की, ज्यांचा आजार मुळात सौम्य, त्यांचीच साखर सहज ताब्यात राहिली असेल आणि त्यांचेच डोळेही शाबूत राहिले असतील. कंट्रोल कारण आहे की नुसता सोबती? नोंदी कितीही वाढवल्या तरी हा पेच सुटत नाही. रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटावे लागतात.

मोजमापाची कोंडी फोडणारी एक गोष्ट तेहरानमध्ये सापडली, तीही मधुमेहासाठी न शोधता. सॅम्युएल रहबर हिमोग्लोबिनचे वेगळे प्रकार शोधत होते. १९६८ मध्ये त्यांना मधुमेहींच्या रक्तात एक वेगळा पट्टा दिसला. हेच आपलं एचबीए१सी. ग्लुकोज एन्झाइमशिवायच हिमोग्लोबिनला चिकटतं, आणि लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणजे प्रत्येक पेशी आपल्या आयुष्यभरातल्या साखरेचा हिशोब अंगावर घेऊन फिरते. दोन-तीन महिन्यांची सरासरी एका थेंबात! (दर तीन महिन्यांनी ही टेस्ट का सांगतात, ते आता कळलं असेल.) साधारण त्याच सुमारास बोटाच्या थेंबावर चालणारे मीटर आले. सुरुवातीला ते डॉक्टरांसाठीच होते. रिचर्ड बर्नस्टीन या मधुमेही इंजिनिअरने डॉक्टर बायकोच्या नावावर एक मिळवला आणि घरीच दिवसातून अनेकदा साखर मोजायला सुरुवात केली. त्यांचं लेखन जर्नल छापेनात, तेव्हा पठ्ठ्या चाळिशी उलटल्यावर मेडिकलला गेला.

ही दोन साधनं हातात आल्यावर १९८३ मध्ये अमेरिका आणि कॅनडात डीसीसीटी ही चाचणी सुरू झाली. २९ केंद्रं, १३ ते ३९ वयाचे टाइप १ चे १,४४१ रुग्ण. एका गटाला तेव्हाचे नेहमीचे उपचार, म्हणजे दिवसाला एक-दोन इंजेक्शनं. दुसऱ्याला तीन किंवा जास्त इंजेक्शनं अथवा पंप, आणि रोज किमान चारदा बोट टोचणं. एचबीए१सी पहिल्यात ९ टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्यात ७ च्या. दोन गट खरोखर वेगळे राहिले, हे आता आकड्यात दाखवता येत होतं. सरासरी साडेसहा वर्षांनी निकाल इतका स्पष्ट झाला, की चाचणी ठरल्याआधीच थांबवली. ज्यांना सुरुवातीला डोळ्यांचा त्रास नव्हता, त्यांच्यात तो होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. किडनी आणि नसांनाही फायदा झाला. पण कडक गटात साखर धोकादायक उतरण्याचं प्रमाण तिप्पट होतं. टॉल्स्टॉयची भीती पोकळ नव्हती.

टाइप २ साठी १९९८ मध्ये ब्रिटनच्या यूकेपीडीएसने ५,१०२ रुग्णांच्या अभ्यासातून तीच दिशा दाखवली, आणि रक्तदाब सांभाळणं किती मोलाचं हेही. म्हणून आणखी कडक, आणखी चांगलं? अमेरिकेतल्या अ‍ॅकॉर्डने एचबीए१सी ६ च्या खाली न्यायचं ठरवलं. त्या गटात मृत्यू वाढले आणि २००८ मध्ये तो कडक उपचार थांबवावा लागला. वय, इतर आजार, साखर उतरण्याचा धोका बघून डॉक्टर प्रत्येकाचं टार्गेट वेगळं ठरवतात, त्यामागे हा इतिहास आहे.

विषय शोधत असाल तर एक सांगतो. एचबीए१सीचा सगळा हिशोब लाल पेशीच्या आयुष्यावर उभा आहे. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबार भागात सिकलसेल आढळतो. हा आजार असलेल्यांच्या लाल पेशी लवकर मरतात, आणि मग साखर वाढलेली असूनही एचबीए१सी कमी दिसू शकतं. अशा रुग्णांत थेट ग्लुकोज मोजावं लागतं, किंवा फ्रुक्टोसामीनसारखी दुसरी खूण शोधावी लागते.